दहा मिनिटांची पॉलिसी

पेणच्या आरटीओकडे जाणाऱ्या रस्त्याला झेरॉक्सची तीन-चार दुकानं ओळीने लागतात. त्यातल्या हर्षदच्या दुकानात, मशीनच्या पलीकडे एक लाकडी टेबल टाकून नमिता बसायची. टेबलावर एक जुना लॅपटॉप, दोन मोबाईल, स्टेपलर आणि पाण्याची बाटली, एवढाच तिचा पसारा. गाडीचा विमा काढून देणं हे तिचं काम. रिक्षावाले, टेम्पोवाले, ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी तिला 'थर्ड पार्टीवाली ताई' म्हणून ओळखायचे. आरसी आणि आधार हातात दिलं की चहा संपायच्या आत पॉलिसी छापून मिळते, असा तिचा लौकिक होता. त्याचा तिला अभिमानही होता. "दहा मिनिटं बसा," ती म्हणायची, आणि खरोखर दहाच मिनिटं लागायची.

तिचा बाप खारेपाटातल्या मिठागरात राबला. आई, सगुणा, डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायची. खाऱ्या पाण्याने आईच्या पायांना पडलेल्या भेगा कधी भरल्या नाहीत. बारावी होऊन नमिता हर्षदच्या दुकानात अर्ज भरून द्यायला लागली, पुढे विम्याची परीक्षा पास झाली आणि त्या घरातलं खुर्चीत बसून कमावणारं पहिलं माणूस ठरली. लग्न पेणातच झालं. धाकटा भाऊ प्रविण रोह्याला गेला. धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टचं काम धरलं, स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाप गेल्यावर आईला तो तिकडे घेऊन गेला. त्याची बायको अपेक्षा आणि सहा वर्षांची मनस्वी. एकूण बरं चाललं होतं.

सुरुवातीची वर्षं नमिता प्रत्येक गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगायची. विमा काढणारा पहिला, विमा देणारी कंपनी दुसरी, आणि रस्त्यावरचा माणूस, ज्याला आपली गाडी लागेल, तो तिसरा. कायदा सक्ती करतो ती त्या तिसऱ्यासाठी. त्याच्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. तुमच्या स्वतःच्या गाडीचा चेंदा झाला, चोरी झाली, पुरात बुडाली, तर त्याचा विमा वेगळा, त्याला सगळे 'फर्स्ट पार्टी' म्हणतात, तो तुमच्या मर्जीचा. आणि गाडी चालवताना मालकालाच काही झालं तर त्याच्या घरच्यांना पंधरा लाख, तो पी.ए., मालक-चालकाचा अपघात विमा. तोही घ्यावाच लागतो, तेवढ्याच रकमेचा दुसरा विमा आधी असेल तरच सूट मिळते.

लोक ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "सगळ्यात कमी कितीत बसेल?"

तीन-चार वर्षं हे ऐकून ऐकून नमिताने सांगणं सोडून दिलं. फुकट तोंड दुखवायचं कशाला? गिऱ्हाईक कमी म्हणालं की ती कमीतलं लावायची.

एका वर्षी जूनमध्ये प्रविणने एक जुनी वॅगनआर घेतली. पहिल्या मालकाचा विमा संपत आला होता. त्याने कंपनीतूनच, चहाच्या सुट्टीत, फोन लावला.

"ताई, पोलिसानं अडवलं तर दाखवायला कागद पायजे. बाकी काय नको मला."

"फर्स्ट पार्टी नाय टाकत, गाडी जुनी हाय," नमिता म्हणाली. "पण तुझा पी.ए. टाकते."

"तो काय असतो?"

"तुला काय झालं तर घरच्यांना पैसे मिळतात."

"मग तो कंपनीत हाय की. ठेकेदार पगारातनं कापतो ना इन्शुरन्सचे."

"कितीचा हाय?"

"असल चांगला. ताई, सुट्टी संपली माझी, लाव तू लवकर."

टेबलासमोर तीन टेम्पोवाले उभे होते. एकाला दुपारच्या आत पासिंगला गाडी न्यायची होती. नमिताच्या स्क्रीनवर प्रश्न आला. मालकाकडे किमान पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून आहे का? समोर छोटा चौकोन. तो विमा काढून देणाऱ्याने खरोखर कागद पाहून भरायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. तिने चौकोनावर बोट ठेवलं, टिक आली, हप्त्यातले तीनेकशे रुपये कमी झाले.

"मोबाईलवर आकडा आला असेल, सांग," ती म्हणाली.

प्रविणने मशीनच्या आवाजात ओरडून सहा आकडे सांगितले. पॉलिसी निघाली. तिने ती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, त्याने अंगठा पाठवला. छापील प्रत पुढच्या खेपेला तो घेऊन गेला आणि गाडीच्या कागदांच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सगुणाच्या बहिणीकडे, खांब गावी, नातवाचं बारसं होतं. प्रविणने आईला गाडीतून तिथे सोडलं. जेवायला थांब म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पहिली पाळी आहे म्हणून तो लगेच फिरला. हायवेचं काम चालू होतं, एका मोरीपाशी रस्ता एका बाजूला वळवलेला, पुढच्या ट्रकने उडवलेली धूळ. त्या धुळीतून दाजी नावाचा तिथलाच एक शेतकरी सायकलवर पेंढ्याचा भारा बांधून रस्ता ओलांडत होता. प्रविणने स्टिअरिंग फिरवलं. गाडीची कड सायकलला लागलीच, दाजी फेकला गेला, त्याची मांडी मोडली. गाडी मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. लोकांनी प्रविणला बाहेर काढलं तेव्हा तो बोलत होता. आई कुठाय, असं विचारलं म्हणतात. हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो गेला.

नमिताने त्याच्या तोंडात पाणी घातलं, अपेक्षाला धरून बसली, दिवसकार्याचं सगळं पाहिलं. त्या तेरा दिवसांत पॉलिसीची आठवण तिला झालीच नाही, असं ती पुढे सांगायची. मग थांबून म्हणायची, की नाही, झाली होती. पहिल्याच दिवशी झाली होती. पण मनाने ती पुढे येऊ दिली नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी अपेक्षाने ती प्लास्टिकची पिशवी तिच्या हातात दिली. "ताई, पोलिसांनी गाडीतनं काढून दिली. ह्यातलं मला काय कळत नाय. तुम्हीच काढलाय विमा, तुम्ही बघा. ते म्हणायचे, ताईनं सगळं करून दिलंय."

नमिताने कागद उलगडला. दुसऱ्या पानावर, मालक-चालक वैयक्तिक अपघात, आणि पुढे 'लागू नाही'.

"बघते मी," ती म्हणाली, आणि पिशवी आपल्या पर्समध्ये ठेवली.

त्यानंतरचे पाच आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी ती दुकानात जायची, लॅपटॉप उघडायची आणि कुणी आलं की म्हणायची, आज सर्व्हर बंद आहे. मग उठून कुठेतरी जायची.

पहिल्यांदा गेली धाटावला, ठेकेदाराकडे. कंपनीच्या गेटबाहेर त्याची पत्र्याची केबिन होती. नमिता दोन तास उभी राहिली तेव्हा त्याने कागद काढला. विमा खरंच होता. पगारातून कापत होता तेही खरं होतं. त्याने बोटाने एक ओळ दाखवली. कारखान्याच्या आवारात काम करताना झालेला अपघात.

"गेटच्या आत असता तर मीच तुमच्या मागे लागून दिले असते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. "बाहेरचं यात येत नाही, मॅडम. रविवारी तो कामावर नव्हता."

दुसऱ्यांदा गेली पनवेलला, विमा कंपनीच्या ऑफिसात. तिथल्या मुलीने तिला बसवलं, पाणी दिलं, नंबर टाकला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. किती वाजता अर्ज भरला, किती वाजता ग्राहकाने सूट मागितली, किती वाजता त्याच्या मोबाईलवर ओटीपी गेला, किती वाजता तो बरोबर टाकला गेला. सगळं मिनिटासकट होतं. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत नऊ मिनिटं.

"ग्राहकाने स्वतः जाहीर केलंय की दुसरा विमा आहे," मुलगी हळूच म्हणाली. "मग त्या दुसऱ्या विम्याकडे क्लेम करा ना."

"दुसरा नाही," नमिता म्हणाली.

"मग त्यांनी असं का भरलं?"

नमिता पर्स उचलून बाहेर पडली. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बराच वेळ बसून राहिली. येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बघून जात होती.

तिसऱ्यांदा गेली रोह्याच्या एका वकिलाकडे. वकील म्हातारे, अनुभवी. त्यांनी पॉलिसी दोनदा वाचली.

"थर्ड पार्टीतून काही निघेल का साहेब? मरण तर आलंय ना," नमिताने विचारलं. हे विचारताना तिलाच उत्तर माहीत होतं. शेकडो लोकांना तिने ते सांगितलं होतं.

"तो मालक. आपलीच गाडी, चालवणाराही तोच. समोरून दुसरं वाहन नाही," वकील म्हणाले. "कायद्याच्या नजरेला तो तिसरा होत नाही, बाई. तिसरा तो सायकलवाला."

हर्षदने एव्हाना ओळखलंच होतं की काहीतरी बिनसलंय. एकदा दुपारी दुकानात कुणी नसताना त्याने सरळ विचारलं आणि नमिताने सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुझ्यावर काय येत नाय," तो म्हणाला. "ओटीपी त्याच्या फोनवर गेला, त्यानं सांगितला. कागदावर त्याचीच संमती. तू अपेक्षावहिनीला सांग, कंपनीनं नाकारलं. खोटं थोडीच हाय ते?"

"त्याला ठाऊक तरी होतं का हर्षद, आकडा कशाचा ते? मी सांग म्हटलं म्हणून त्यानं सांगितला."

"सगळेच तसे सांगतात."

"व्हय," नमिता म्हणाली. "सगळेच."

तरी तिने सांगितलं नाही. रोज ठरवायची, उद्या जाऊ. अपेक्षाचा फोन आला की म्हणायची, कागद वर पाठवलेत, वेळ लागतो. जेवण जाईना. भाजीत मीठ घातलं की नाही हेही तिला आठवायचं नाही. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी शोकाने असं होतं म्हणून गोळ्या दिल्या. अपेक्षा तिकडे रोह्यात खोल्यांच्या मालकाला सांगत होती, विम्याचं आलं की भाडं देते. मनस्वीच्या शाळेत फीबद्दलही तेच सांगितलं होतं. हे नमिताला कळलं तेव्हा तिने गोळ्यांची पट्टी तशीच कपाटात टाकली. शोकाचं औषध आपल्याला लागू पडणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

मग अलिबागच्या कोर्टातून नोटीस आली.

"ताई," अपेक्षा फोनवर म्हणाली, "त्या खांबच्या दाजीनं आपल्यावर केस केलीय. ह्यांच्या नावावर, वारस म्हणून माझं नाव, आयेचं नाव, मनस्वीचंसुद्धा. लाखांत मागतोय. माणूस आपला गेला आणि वर त्यालाच द्यायचं? मी कुठनं देऊ?"

"तू घाबरू नको. मी येते," नमिता म्हणाली. त्याच दिवशी दुपारी ती रोह्याला पोचली.

खोलीत सगुणा भिंतीला टेकून सुपात वाल निवडत बसली होती. मनस्वी शाळेत गेली होती. अपेक्षाने नोटीस पुढे केली. हाताला घाम येऊन कागदाची घडी ओली झाली होती.

नमिताने ती वाचली. वाचता वाचता तिला पाच आठवड्यांत पहिल्यांदा बोलता येईल असं काहीतरी सापडलं.

"हे तुला द्यायचं नाय," ती म्हणाली. "हे कंपनी देणार. थर्ड पार्टी त्याच्यासाठीच असते. तुम्ही फक्त तारखेला जाऊन पॉलिसी दाखवायची. लायसन होतं, पॉलिसी चालू होती. आपल्या घरातनं एक रुपया जाणार नाय."

अपेक्षाने डोळे मिटून घेतले. खांदे खाली आले. "खरं ना ताई?"

"खरं."

सगुणाने सूप बाजूला ठेवलं. "देवानं राखलं," ती पुटपुटली.

अपेक्षा उठली, पाणी प्यायली, नमितासाठीही आणलं. आणि समोर बसता बसता म्हणाली, "म्हणजे त्याच कागदावर त्याला कंपनी देणार. मग आपलं कधी देणार?"

नमिताने पेला खाली ठेवला. आता मागे जायला जागा नव्हती.

"आपलं मिळणार नाय."

"का?"

"आपला विमा त्यात नाय. त्याचा स्वतःचा जो असतो तो मी घेतलाच नाय. त्यो म्हणाला, कंपनीत हाय. मी कागद बघितला नाय. हाय म्हणून टिक केली." ती एका दमात बोलत गेली, ठेकेदाराकडचा कागद, पनवेलचं ऑफिस, वकील, सगळं. मध्ये थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. अपेक्षाने तो पेला बाजूला सारला.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू पिशवी दिलीस तेव्हाच."

"आणि मला म्हणालात, कागद वर पाठवलेत."

"व्हय."

"किती वाचले होते त्यात?"

"तीनशे. वर थोडे."

अपेक्षा रडली नाही. तिने नोटीस नीट घडी करून परत पाकिटात घातली. "ताई, मला समजा तुम्ही पंधराव्या दिवशी सांगितलं असतं, तर मी मामाच्या ओळखीनं ती शाळेतली खिचडी शिजवायची जागा धरली असती. ते विचारायला आले होते. मी नाय म्हटलं. म्हटलं, विम्याचं येणार हाय, मनस्वी जरा सावरू दे." तिने पाकीट फळीवर ठेवलं. "टिक केल्याचं मी समजून घेईन कधीतरी. पण हे पाच आठवडे मला कसे समजायचे ते कळत नाय. तुम्ही जा आता."

सगुणा भिंतीशी तशीच बसून होती. नमिता तिच्या पाया पडायला वाकली तर तिने पाय आखडून घेतले. "मना काय कळलं नाय गो," ती म्हणाली. "पण तू आता जा."

त्या दिवशी परतीच्या गाडीत बसायला नमिताला धीर झाला नाही. ती कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या मनात काय काय आलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. शेजारून जाणारी एक भाजीवाली थांबली, म्हणाली, "चक्कर येते का गो बाय? माझ्यासंगं चल स्टँडवर." आणि हाताला धरून तिला स्टँडवर आणून सोडलं. त्या बाईचं नाव विचारायचंही नमिताला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली, सर्व्हर बंद असल्याचं कुणाला सांगितलं नाही. लॅपटॉपमधून मागच्या वर्षभरातल्या पॉलिसी काढल्या आणि ज्यांच्या चौकोनात तिने अशीच टिक केली होती त्यांची नावं कागदावर उतरवली. बासष्ट झाली. एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. मी तुमचा कागद न बघता दुसरा अपघात विमा आहे असं भरलंय, तुमच्याकडे खरंच तो आहे का, नसेल तर हा पी.ए. आता वेगळाही मिळतो, काढून घ्या. बरेच जण वैतागले. एक म्हणाला, धंदा कमी झाला वाटतं. एकाने, मग तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारून फोन ठेवला. चौदा जणांनी काढला. एकाचा फोन त्याच्या बायकोने उचलला. तो दोन महिन्यांपूर्वी काविळीने गेला होता, गाडीचा काही संबंध नव्हता. तरी त्या दिवशी नमिताने पुढचा फोन लावला नाही.

अलिबागच्या पहिल्या तारखेला ती न बोलावता गेली. अपेक्षा एसटीतून उतरून कोर्टाच्या आवारात एकटीच, पर्स पोटाशी धरून उभी होती. तिने नमिताला पाहिलं आणि मान फिरवली, पण जा म्हणाली नाही. बाकावर दोघींच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवून त्या बसल्या.

समोरच्या बाकावर दाजी होता, वॉकर पुढ्यात घेऊन. सुकलेला साठीचा माणूस. शेजारी त्याची बायको बायजा. ती बराच वेळ अपेक्षाकडे बघत होती. शेवटी उठून आली आणि त्या मोकळ्या जागेवर बसली.

"तू त्याची बायको ना?" तिने विचारलं.

अपेक्षाने मान हलवली.

"तुझ्या माणसानं आमच्या ह्यांना वाचवायला गाडी फिरवली. सरळ आला असता तर हे गेले असते. ह्ये मी वकिलाला सांगितलं. वकील म्हनला, असं बोलायचं नाय. कागदावर लिवलंय, गाडी भरधाव होती, बेफिकीर चालवली. तसं लिवल्याबिगर कोर्ट देत नाय म्हनं." बायजाने पदराने तोंड पुसलं. "शेत हाय, पण ह्यांच्यानं उभं ऱ्हावत नाय. वालाची पेरनी ऱ्हाली. आमी काय करावं गो? तू मनाला लावून घेऊ नको."

अपेक्षाने फक्त विचारलं, "त्यांना खूप दुखतं का?"

"रातचं दुखतं," बायजा म्हणाली.

मग विमा कंपनीचा वकील आला, तरणा, घाईतला. त्याने अपेक्षाला बाजूला बोलावलं. सायकलवाला अचानक आडवा आला, त्याचीच चूक, असं तिने सांगितलं तर बरं होईल, असं त्याचं म्हणणं. रक्कम कमी होईल. शिवाय, तो म्हणाला, तुमच्या मिस्टरांच्या नावावरचा बट्टाही जाईल.

अपेक्षा परत आली. कित्येक आठवड्यांनी ती नमिताशी पहिल्यांदा बोलली.

"ताई, मी काय सांगू? ह्यांची चूक नव्हती म्हटलं तर त्या म्हाताऱ्याचे पैसे कापणार. गप्प बसले तर कोर्टात लिहिलं जाणार, की माझा नवरा बेफिकीर होता."

नमिताच्या ओठावर सल्ला आला होता. वर्षानुवर्षं लोकांना सल्ले देण्याची सवय. तिने तो गिळला.

"मी नाय सांगणार," ती म्हणाली. "तुला जेवढं ठाऊक हाय तेवढंच सांग."

अपेक्षाने त्या वकिलाला सांगितलं, "मी तिथं नव्हते. मला काय माहीत नाय." त्याने खांदे उडवले. प्रविण बेफिकीर होता, हे वाक्य कागदावर तसंच राहिलं. बाहेर येऊन अपेक्षा नळावर तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. नमिता लांब उभी होती. जवळ जावं असं वाटत होतं, पण गेली नाही.

सात-आठ महिन्यांनी लोकअदालतीत दाजीचं प्रकरण मिटलं. कंपनीने दिले. त्याचा पाय एका बाजूने आखूडच राहिला, पण वालाची पेरणी पुढच्या हंगामात झाली, असं बायजाने अपेक्षाला फोन करून कळवलं. वॅगनआर पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडली होती. फर्स्ट पार्टी नसल्याने तिचं काहीच येणार नव्हतं. ती भंगारात दिली. त्यात आलं ते थकलेल्या भाड्यात गेलं.

अपेक्षाने रोह्याच्या खोल्या सोडल्या. ती मनस्वीला घेऊन कोलाडजवळ माहेरी राहते आणि धाटावलाच एका कंपनीत पॅकिंगला जाते. ठेकेदाराने विम्याचा कागद पुढे केला तेव्हा तिने तो सही करायच्या आधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. रांगेतल्या मागच्या बायका कुरकुरत होत्या.

माहेरच्या घरात सासूला नेण्याइतकी जागा नव्हती. सगुणा पेणला लेकीकडे आली. लेकीच्या घरी राहायचं म्हणून तिला आधी फार जड गेलं. नमितावरचा तिचा राग कधी बोलण्यात आला नाही, ती तो हातापायांत ठेवते. पाण्याचा तांब्या नमिताने दिला तर घेत नाही, खाली ठेवला की घेते.

नमिता अजून त्याच टेबलावर बसते. दुसरं काय करणार? आता दहा मिनिटांत पॉलिसी मिळत नाही. तो चौकोन आला की ती हात थांबवते, कागद मागते, कागद नसेल तर टिक करत नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, तिथे लवकर होतं. हर्षदने दोनदा सांगून पाहिलं, आता सांगत नाही. नवरा म्हणतो, चल, जेवढं होतंय तेवढं होऊ दे.

सगुणाचं वय झालंय, काही गोष्टी तिच्या ध्यानात राहत नाहीत. प्रविण गेला हे राहतं. विम्याचं राहत नाही. दर चार-आठ दिवसांनी नमिता कामावरून आली की ती ओट्यावरून विचारते, "कंपनीचं काय आलं का गो आज?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा नमिताला वाटलं, येईल म्हणून सांगावं, म्हातारीला तेवढंच बरं वाटेल. पण तिला ते जमलं नाही. ती चप्पल काढते, आईजवळ बसते आणि म्हणते, "नाय आये. आपलं येणार नाय. माझ्याकडनं चूक झाली."

सगुणा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी तिच्याकडे बघते. आणि तेवढ्याच वेळा नमिताला ते पहिल्यापासून सांगावं लागतं.

महिन्या-दोन महिन्यांनी अपेक्षाचा फोन येतो. ती सासूशी बोलते, मनस्वीला बोलायला लावते. फोन ठेवायच्या आधी कधी म्हणते, "ताईंना द्या." कधी नाही म्हणत.